वरून आजा, आतून नातू

माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला एक चावीचं टेबल घड्याळ दिलेलं. गोल, पितळी कडं, पांढऱ्या तबकडीवर काळे ठसठशीत आकडे. एका रविवारी दुरुस्तीला टाकायचं म्हणून ते पिशवीत घालून मी घरून निघालो, वाटेत बाळकुमला दादूसच्या गॅरेजच्या शेडवर थांबलो आणि निघताना पिशवी तिथेच विसरलो. पुढच्या रविवारी गेलो तर घड्याळ त्याच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर बसलेलं. पत्रा गोल कापून, कडेने रबर देऊन, मागून क्लॅम्प मारून. चालतही होतं.

"दादूस, हे घड्याळ माझं आहे," मी म्हणालो.

"हाय ना. तुजाच हाय. मी कधी बोललो माजा हाय?" तो म्हणाला. "गारीला घड्याल लागतो. तुला घरान काय करायचा? घरान बायको हाय ना येल सांगाला."

बायकोला मी घड्याळजी मेला असं सांगितलं. एका धडधाकट माणसाला मी त्याच्यापायी मारलं. त्या माणसाने मला काय काय करायला लावलं त्याची ही नुसती सुरुवात आहे. आज इतकी वर्षं झाली तरी त्याची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं, आणि माझी बायको म्हणते, "पाणी प्या आधी."

त्याचं नाव सांगत नाही. सगळे त्याला दादूस म्हणायचे, मीही म्हणायचो. बाळकुमच्या आगरी घरातला. बाप आणि आजा मिठागरात राबलेले. हा मात्र लहानपणी मिठाच्या गाड्यांच्या मागे धावता धावता गाड्यांखाली शिरला आणि तिथेच राहिला. मी भेटलो तेव्हा पन्नाशीचा होता. खाकी हाफ पँट, बनियन, खांद्यावर बायकोच्या जुन्या साडीचा फडका. घराच्या मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये रेतीचे, दगडाचे ट्रक दुरुस्तीला आलेले.

गिऱ्हाइकाशी वागायची त्याची रीत अशी की दुसरा कोणी असता तर महिन्याभरात उपाशी मेला असता. न धुतलेली गाडी आली की तो हात लावायचा नाही. "आधी आंघोल घाल तिला, मंग आन." एकदा एका ड्रायव्हरने घाई केली, म्हणाला, दादूस, जरा लवकर हात चालव ना. ह्याने पाना त्याच्या हातात दिला, "मंग तू चालव," म्हणाला आणि खाटेवर जाऊन झोपला. खरोखर झोपला. घोरत होता. तो ड्रायव्हर उन्हात दोन तास गाडीला टेकून उभा राहिला, आणि हा उठल्यावर त्यानेच याची माफी मागितली. अशा माणसाला लोक का सहन करतात, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. मी स्वतः त्यातलाच एक आहे हे कळायला वेळ लागला.

मी राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, बोरिंग मशीनवर. लोखंडात अचूक मापाची भोकं पाडायची हे माझं काम. एके दिवशी कारखान्याच्या गेटबाहेर एक माणूस एका फुटक्या लोखंडी डब्यावर बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशीही तोच, त्याच डब्यावर. मॅनेजरने त्याला सांगितलेलं की आम्ही बाहेरची किरकोळ कामं घेत नाही. तिसऱ्या दिवशी मी चहाला बाहेर पडलो आणि त्याला विचारलं, "काय आहे हे?"

तो प्रश्न मी विचारायला नको होता. त्या एका प्रश्नाने माझे अडीच वर्षांचे रविवार गेले.

तो डबा म्हणजे ट्रान्सफर. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा जो डबा असतो, त्याला गॅरेजवाले ट्रान्सफर म्हणतात. आणि तो होता दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी ट्रकचा. लढाई संपल्यावर साहेब लोक गेले, त्यांच्या गाड्या कल्याणच्या छावणीत राहिल्या आणि लिलावात विकल्या गेल्या. त्यातला हा एक टनी ट्रक चाळीस वर्षं कुठल्याशा दगडखाणीवर पाणी वाहत होता. खाण बंद पडली, तो गंजत उभा राहिला, आणि दादूसने तो उचलला.

कशासाठी? तर वाळवंटात शर्यत खेळायला.

मी तेव्हाही हसलो नव्हतो आणि आताही हसत नाही. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे नट मोजून घेताना ते ज्या कागदात बांधून मिळाले, तो कागद एका परदेशी मासिकाचा होता. त्यावर एका जुनाट ट्रकचं चित्र. वाळूच्या टेकडीवरून चारही चाकं हवेत. दादूसला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र बघूनच त्याला कळलं की एवढी जुनी गाडी अशी उडणार नाही. वरचं कवच जुनं आहे आणि आत सगळा नवा माल आहे. तो कागद त्याने शेडमध्ये गणपतीच्या तसबिरीखाली चिकटवला. कोणी विचारलं की म्हणायचा, "वरून आजा, आतून नातू."

म्हणून आमचा ट्रक. वरून तोच जाड पत्र्याचा बॉनेट, तेच दोन गोल डोळ्यांचे दिवे, पुढची काच आडवी पाडता येणारी, रंग लष्करी हिरवा. आत अपघातात चेपलेल्या एका नव्या जपानी धर्तीच्या मिनी ट्रकचं डिझेल इंजिन आणि त्याचाच पाच गिअरांचा बॉक्स. पुढे डिस्क ब्रेक. नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एका चाकाला दोन दोन. पॉवर स्टिअरिंग कुठून आणलं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे सगळं जुन्या सांगाड्यात बसवायचं आणि बाहेरून एक खूण दिसू द्यायची नाही. नवा पाइप असेल तर त्यावर जुना पत्रा चढवायचा. नव्या बोल्टचं चकचकीत डोकं दिसलं की तो कानशीने घासून त्याला म्हातारा करायचा. शहाण्या माणसाने जे काम आठ महिन्यांत संपवलं असतं ते आम्ही अडीच वर्षं करत होतो, आणि त्यातलं निम्मं काम लपवण्याचं होतं.

फक्त ट्रान्सफर आणि दोन्ही एक्सल जुने राहणार होते, पण ट्रान्सफर मधोमध तडकलेला. वेल्डिंगने भागेना. मग दादूसने लाकडाचा साचा केला, कल्याणच्या एका ओतकाम कारखान्यातून नवा डबा ओतून आणला आणि आतल्या शाफ्टांची भोकं पाडायला माझ्यापुढे ठेवला. चार भोकं, समोरासमोर, एका रेषेत. एक केसभर चुकलं तर दात ओरडायला लागतात आणि शंभर मैलांत डबा फुटतो.

मी ते काम कारखान्याच्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत केलं. आपापलं जेवण सोडून लोक माझ्याभोवती उभे राहायचे. एकदा सुपरवायझरने पकडलं आणि मला मेमो मिळाला. नोकरी जायची वेळ आली होती, हे लक्षात ठेवा. पुढे मला जो राग आला तो या हिशेबाने आला.

पहिला डबा घेऊन मी शेडवर गेलो. डायल गेजने तपासलेला, शंभर टक्के मापात. दादूसने डोळे मिटले आणि भोकात अंगठा घालून गोल फिरवला. त्याची तपासायची तीच पद्धत. "डोला फसवतो, आंगठा नाय," असं त्याचं शास्त्र.

"याला ताप हाय," तो म्हणाला.

"ताप? अहो, मी मायक्रोमीटरने मोजलंय!"

"तुजा मायक्रोमीटर शिकलेला हाय. माजा आंगठा अडानी हाय. पन दोगांना उद्या सकाली परत इचार."

मी तणतणत डबा परत नेला. दुसऱ्या दिवशी थंड झालेल्या लोखंडावर पुन्हा मोजलं तर माप हललेलं. ओतकामातला ताण सुटला होता. माझा राग दुप्पट झाला, कारण त्याचं बरोबर निघालं होतं. आडमुठ्या माणसाचं बरोबर निघालं की जो संताप होतो त्याला औषध नाही. दुसरा डबाही त्याने परत केला. तिसरा डबा ओतून आल्यावर मी आधी दोन महिने तसाच उन्हात ठेवला, मग थोडं थोडं करत बोअर केला. त्या दिवशी त्याने अंगठा घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग घराकडे तोंड करून बायकोला ओरडला, "अगो, कोंबरी काप!" तोंडावर कौतुक करायची त्याला सवय नव्हती. त्या दिवशी मी जेवलो मात्र भरपूर.

वाळवंट त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. "वालवंट म्हंजे काय? पानी आटलेली खारी," असं तो ठामपणे सांगायचा. खाडीकाठच्या माणसाला सगळी दुनिया खाडीच वाटणार. म्हणून ट्रकची चाचणी घ्यायची ठरली ती मुंब्र्याच्या रेतीबंदरावर, जिथे खाडीतून काढलेली रेती डोंगर करून ठेवलेली असते. भर दुपारी आम्ही ट्रक त्या ढिगांवर चढवला. दोन ढीग पार केले, तिसऱ्यावर असताना रेतीवाले फावडी घेऊन धावत आले.

"दादूस, येरा झालास काय? रेती पसरवलीस सगली!"

"पसरवली नाय रं. दाबून दिली. आता ट्रकान जास्ती बसल."

त्यावर जी बाचाबाची सुरू झाली ती तासभर चालली. भरती-ओहोटीच्या वेळा या माणसाला तोंडपाठ. चतुर्थीला पाणी किती वाजता चढतं ते झोपेत सांगेल. पण भांडणात रंगला आणि खाली खाडी चढून ट्रकच्या मागच्या चाकांना लागली. शेवटी त्याच रेतीवाल्यांनी दोर बांधून आम्हाला ओढून काढलं, आणि दादूस दोराला हात न लावता उभा राहून त्यांना कसं ओढायचं ते सांगत होता. मी मात्र कमरेएवढ्या चिखलात. चपला गेल्या त्या गेल्याच.

राजस्थानच्या वाळवंटात होणाऱ्या शर्यतीचा फॉर्म इंग्रजीत होता म्हणून तो मी भरला. जुन्या गाड्यांचा वेगळा गट होता. इंजिन आणि गिअरबॉक्स बदललेले चालतील, कारण त्या काळी सगळ्यांनीच पेट्रोल इंजिनं काढून डिझेल घातलेली. पण त्यामागचा ट्रान्सफर आणि दोन्ही एक्सल गाडीचे मूळचे हवेत, असा नियम. 'मूळचे आहेत का' या रकान्यात मी 'होय' लिहिलं.

"काय लिवलास?" दादूसने विचारलं.

"लिहायचं ते लिहिलं," मी म्हणालो. गाडी चालवणार तो, शेजारी नकाशा घेऊन बसणार मी, असं ठरलेलं. अडीच वर्षांत त्याने मला एवढी एकच गोष्ट देऊ केली होती.

बिनपगारी रजा टाकून मी निघालो. बाळकुमपासून राजस्थानपर्यंत चार दिवस, ट्रक चालवत. रस्त्यात एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही. वाळवंटात पोचल्यावर दादूस खाली उतरला, चपला काढल्या, वाळूची मूठ उचलली आणि डोळे मिटून थोडी जिभेवर ठेवली. "खारट नाय," म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. अर्ध्या तासात मात्र त्याने चारही टायरांतली हवा निम्मी केली, ट्रक टेकडीवर चढवला आणि उतरवला, आणि लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. त्या अर्ध्या तासासाठी मी त्याला बरंच काही माफ केलं असतं.

मग गाड्यांची तपासणी. तपासनीस म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक साहेब, मराठी बोलणारे, मिशा, कडक इस्त्री. आमचा ट्रक बघून खूश. स्वतः सतरंजी टाकून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. बराच वेळ आतून फक्त "वा, वा" ऐकू येत होतं. बाहेर आले ते हात झटकत.

"ट्रान्सफर बघितलात तुमचा? काय काम आहे! पंचेचाळीस वर्षं झाली आणि अजून एक ओरखडा नाही. ही कामं साहेबाच्या देशातच व्हावीत. आपल्या लोकांच्या हातात हे नाहीच."

मी मनात म्हटलं, सुटलो. आता फक्त सही. एखाद्याने मान हलवली असती, साहेबांना नमस्कार केला असता आणि गप्प बसला असता. आयुष्यभर हा माणूस त्याच कामात होता ना, नवं लपवून जुनं दाखवण्याच्या? साहेब फसले, म्हणजे आमची कला जिंकली. पण नाही. हात दाखवून अवलक्षण!

"काय नाय आपले लोकांचे हातान?" दादूसने विचारलं.

"म्हणजे, जुन्या कारागिरांची सर..."

"सायेब, यो ट्रान्सफर तुमचे सायबाचा नाय. यो याचा हाय." त्याने माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं. "डोंबिवलीला रहतो. तीन येल केला तवा जमला. तुमचे सायबाचा तर फुटला कवाच!"

साहेबांनी सहीसाठी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. माझ्याकडे बघितलं. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, खिशाला पेन. त्यांना मी शिकलेला वाटलो असणार.

"हे खरं आहे का? तुम्ही केलाय हा?"

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. मेमो, रजा, अडीच वर्षांचे रविवार, चार दिवसांचा रस्ता. मी म्हणालो, "नाही साहेब. मूळचाच आहे. हे गमतीत बोलतात. वय झालंय त्यांचं."

साहेब हसले. सही केली. दारावर सत्तावीस नंबर चिकटवला. दादूसने माझा दंड सोडला तो इतका हळू की मला कळलंही नाही.

संध्याकाळी तो न जेवताच ट्रकखाली जाऊन झोपला. मला वाटलं, ठीक आहे, उद्या गाडी सुटली की निवळेल. सकाळी गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. एकेकाला झेंडा मिळत होता. आमच्या पुढची सुटली, धुरळा उडाला, मी पट्टा बांधून मांडीवर नकाशा घेऊन बसलेलो, आणि झेंडेवाला आमच्याकडे वळला. दादूसने इंजिन बंद केलं. खाली उतरला. नखाने दारावरचा नंबर सोलून काढला, नीट घडी घातली आणि झेंडेवाल्याच्या हातात ठेवला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या.

"दादूस, काय करताय? चला ना!" मी ओरडलो. तो पट्टा मला सुटेना.

"कशी चलू? सायबाचा नाय, ह्यो मना म्हाईत हाय. तुजा नाय, ह्यो तू बोललास. मंग कोनाचा? चोरीचा झाला ना. चोरीचे मालावर मी शर्यत लावत नाय."

आता तुम्हीच सांगा. मी खोटं कोणासाठी बोललो? माझ्यासाठी? मला काय वाळवंटात तूप मिळणार होतं? त्याच्या ट्रकसाठी बोललो, त्याच्या भिंतीवरच्या त्या चिंधीएवढ्या कागदासाठी बोललो! माझ्या हातचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्याच्यापायी नाकारलं, आणि त्याची मला ही शिक्षा. परतीचे चार दिवस मी त्याला हेच सांगत होतो. मोठ्याने, हळू, रडून, शिव्या देऊन. तो फक्त म्हणायचा, "डिजेलचा काटा बघ."

दोन आठवड्यांनी एका रविवारी आमच्या बिल्डिंगखाली टेम्पो थांबला. चौघांनी दोर लावून ट्रान्सफर दोन जिने वर आणला आणि आमच्या गॅलरीत ठेवला. दादूस मागून आला, दारातच उभा राहिला. माझी बायको पदर खोचून बाहेर.

"दादूस, अहो हे काय?"

"वैनी, यो कोनाचा हाय मना म्हाईत नाय. तुमचे मालकांना इचारा. त्यानं सांगितला का मी येऊन नेतो." पाणीसुद्धा न पिता गेला.

मी सांगितलं नाही. सात वर्षं नाही सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही त्याच्या एकट्याबद्दल नव्हे. मला वाटायचं, आधी त्याने म्हणावं की चुकलो, तुझी शर्यत घालवली. तो म्हणेना, मी जाईना. तिकडे ट्रक शेडमध्ये मुका उभा, इकडे ट्रान्सफरवर माझ्या बायकोने डालड्याच्या डब्यात कोथिंबीर लावलेली. पावसाळ्याआधी मी त्याला तेलाचा हात द्यायचो, बायको आत गेल्यावर. कधी डोळे मिटून भोकात अंगठा फिरवायचो. कामात खोट नव्हती. खोट नाही हे मलाच माहीत होतं आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो, याने आतून मला पोखरलं.

"बोलून टाका ना एकदा," बायको म्हणायची. "माझी गॅलरी तरी मोकळी होईल."

मग बाळकुमला बिल्डिंगा उठायला लागल्या. दादूसच्या मुलांनी शेडची जागा द्यायची ठरवली आणि ट्रक घोडबंदर रोडवरच्या एका नव्या हॉटेलला विकला, दारात शोभेला उभा करायला. त्याच्या बायकोने शेजारच्या दुकानातून मला फोन केला. "भाऊ, रविवारी गारी नेतान. तो बोलत नाय कनाशी. तुमी या."

मी गेलो. मी समजूत काढायला नव्हतो गेलो, भांडायला गेलेलो. अंगणात क्रेन उभी. दादूस टायरवर बसलेला, पार वाळलेला, डोळे मिटून. हॉटेलचा मॅनेजर ट्रकभोवती फिरत होता.

"खालून एक पार्ट नाहीये म्हणे," तो थोरल्या मुलाला म्हणत होता. "चालेल. आम्ही ओढूनच नेतोय. इंजिन वगैरे तसंही काढून टाकणार, मागे फुलझाडं लावायचीत. फक्त बाकी सगळं ओरिजिनल आहे ना? तसा बोर्ड केलाय आम्ही."

"ओरिजिनलच हाय," मुलगा म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की क्रेनवाल्याने बिडी टाकली. "जो पार्ट नाहीये तो मूळचा नाही. ट्रान्सफर मी केलाय. मी! वागळे इस्टेटमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या घरी गॅलरीत आहे तो, येऊन बघा!"

मॅनेजर गोंधळला. "अहो, पण मी त्याबद्दल कुठे विचारलं?"

त्याने नव्हतंच विचारलं. ज्याने विचारलेलं तो सात वर्षं टायरवर बसून होता. दादूसने डोळे उघडले. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. मलाही खूप म्हणायचं होतं.

"मंग थांबलास कशाला इकरं?" तो म्हणाला. "जा, आन."

क्रेनवाल्याला आम्ही जेवायला बसवलं. मी टेम्पो घेऊन डोंबिवलीला गेलो, कोथिंबिरीचा डबा खाली ठेवला आणि शेजारपाजारच्यांना हाताशी धरून ट्रान्सफर उतरवला. तीन वाजेपर्यंत तो जागेवर बसलेला. मी गाडीखाली, दादूस बाहेर बसून एकेक बोल्ट फडक्याने पुसून देत होता. एक बोल्ट देताना त्याने माझा हात धरून ठेवला.

"सात वर्सं लावलीस," तो म्हणाला. "मना वाटला मी मरन आधी."

"तुम्हीच यायचं होतं," मी गाडीखालून म्हणालो. "शर्यत तुम्ही घालवलीत."

"घालवली," तो म्हणाला. "मना पन जायाचा होता रं." मग म्हणाला, "आता घट्ट आवल."

गाडी तिच्या पायांनी जाईल, ओढून नाही, एवढंच त्याने मॅनेजरला सांगितलं. स्टिअरिंगवर मला बसवलं आणि आपण नकाशावाल्याच्या जागी बसला. सात वर्षांचं बसलेलं इंजिन आधी खोकलं, मग लागलं. बाळकुमपासून घोडबंदर रोडने आम्ही त्या हॉटेलपर्यंत गेलो, मागे रिकामी क्रेन. खाली माझा ट्रान्सफर लोण्यासारखा फिरत होता. दादूसने पायातल्या चपला काढून तळवा पत्र्यावर टेकवला आणि पूर्ण रस्ता तो तसाच ठेवला, डोळे मिटून. सहा मैलांची शर्यत. पुढे कोणी नाही, मागे क्रेन.

हॉटेलच्या दारात बोर्ड तयार होता. 'दुसऱ्या महायुद्धातील ओरिजिनल ट्रक.' दादूसने मॅनेजरला माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं, दोनदा सांगितलं. मॅनेजर "हो, हो" म्हणाला. नाही लिहिलं. दादूस पुढच्या वर्षी गेला आणि बोर्ड तसाच राहिला.

घोडबंदर रोडने बसमधून जाताना ते हॉटेल आलं की मी शेजारी बसलेल्या माणसाला, तो कोणीही असो, सांगतो, "तो हिरवा ट्रक दिसतोय ना? बोर्ड खोटा आहे. त्याचा ट्रान्सफर मी केलाय." मोठ्याने सांगतो, पुढच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. लोक जरा सरकून बसतात. बसू देत.